मंथ, पानक आणि स्मूदी : ‘थांबवा’ हा शब्द कोण लिहिणार?

वैशाखाचा दुसरा पंधरवडा होता. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात त्या दिवसांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी चिकित्सालयात येणारा रुग्ण प्रथम पाणी मागतो, मग नाडी पुढे करतो. अशाच एका दुपारी सेवानिवृत्त शिक्षिका असलेल्या एक रुग्णा आल्या. मधुमेह आणि रक्तदाब या दोहोंसाठी त्यांच्या गोळ्या नियमित चालू होत्या. तरीही रक्तशर्करा दोन महिन्यांपासून चढती होती. आहारात काही बदल झाला का, असे विचारताच त्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवलेली एक कृती दाखविली. दोन केळी, एक चिकू, पेलाभर थंड दूध, दोन चमचे मध, अर्धा चमचा दालचिनी, चिमूटभर हळद व मिरपूड आणि एक चमचा अश्वगंधा चूर्ण. सर्व मिक्सरमधून फिरवायचे आणि सकाळी अनशापोटी घ्यायचे. “आयुर्वेदिक आहे म्हणून रोज घेते, डॉक्टरसाहेब. चालते ना जी?”

हा प्रश्न आज आपल्यापैकी बहुतेकांना ऐकावा लागतो. त्यावर वैद्यवर्गाकडून साधारणतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काहीजण ‘स्मूदी’ हा शब्द ऐकताच ती परकीय फॅशन म्हणून झिडकारतात. काहीजण रुग्णाचा उत्साह मोडू नये म्हणून, त्यात अश्वगंधा आहे, हळद आहे, असे म्हणत मान डोलावतात. दोन्ही उत्तरांत एक समान दोष आहे. दोहोंतही त्या पेयाकडे कल्पना म्हणून पाहिलेले नसते. प्रस्तुत लेखकाचे नम्र मत असे आहे की, फळे, मसाले आणि वनौषधी एकत्र घुसळून केलेले पेय ही आपल्या शास्त्राला परिचित अशी कल्पना आहे. म्हणूनच तिला द्रव, मात्रा, काल आणि संयोग यांचे सर्व नियम लागू होतात. त्यातील जो नियम आपण स्वतःच सर्वाधिक विसरतो तो म्हणजे ती केव्हा थांबवावयाची, हा.

जुने घर, नवा पाहुणा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानविधीच्या अध्यायात, मंथाचे जे वर्णन आले आहे ते आजच्या मिक्सरमधील पेयालाही शोभेल. तुपाने माखलेले सातूचे पीठ थंड पाण्यात कालवावे. ते फार पातळ नसावे आणि फार घट्टही नसावे, असे आचार्य सांगतात. पुढे ते याच आधारद्रव्यात घातलेल्या पदार्थांप्रमाणे कर्म कसे बदलते तेही दाखवितात. आंबट द्रव्य, स्नेह आणि गूळ घातल्यास मूत्रकृच्छ्र व उदावर्तात उपयोग. साखर, उसाचा रस आणि द्राक्षे घातल्यास पित्तविकारात उपयोग. पेला तोच, परंतु त्यात काय मिसळले यावर रोगी बदलतो. ‘सर्वांना हितकर पेय’ ही कल्पनाच येथे नाही.

शार्ङ्गधरांनी मंथाला मापाची शिस्त दिली. एक पल कुटलेले द्रव्य चार पल थंड पाण्यात, मातीच्या पात्रात घालून घुसळावे आणि त्यातून दोन पल प्यावे. पल ४८ ग्रॅमचे धरल्यास ही मात्रा सुमारे ९६ मिलिलिटर होते. आमच्या शिक्षिकाबाईंचा पेला तीनशे मिलिलिटरहून मोठा होता. मंथ आणि स्मूदी यांतील पहिला भेद हा असा मापाचा आहे आणि तो लहान नाही.

खर्जूरादि मंथ आपणा सर्वांना ठाऊक आहे. खजूर, द्राक्षा, वृक्षाम्ल म्हणजे कोकम, चिंच, डाळिंब, परूषक म्हणजे फालसा आणि आवळा ही त्यातील सात द्रव्ये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसाव्या अध्यायात हा मंथ मद्यविकारांसाठी सांगितला आहे. पाच आंबट फळांना दोन गोड फळांचा आधार, द्रव म्हणून केवळ पाणी, आणि दुधाचा स्पर्श नाही. ही रचना मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. अष्टांगहृदयातील ग्रीष्मचर्येत पंचसार पानक नव्या मातीच्या भांड्यातून द्यावे असे म्हटले आहे. भावप्रकाशात कैरी शिजवून, हाताने कुस्करून, साखर व थंड पाणी मिसळून, मिरे आणि कापराने सुवासित केलेले पानक येते. चिंचेचे आणि लिंबाचेही येते. लिंबाच्या पानकात एक भाग रसास सहा भाग साखरपाणी आणि लवंग-मिऱ्याची जोड असे प्रमाणही दिले आहे.

आपल्या घरातील ‘पन्हे’ हा शब्द ‘पानक’ या शब्दापासूनच आलेला आहे. अक्षय तृतीयेला वऱ्हाडातील घरांत पन्हे किंवा चिंचवणी होते, तेव्हा गृहिणी भावप्रकाशातील कल्पनाच न कळत सिद्ध करीत असते. एवढेच की ती ग्रीष्मात करते आणि पावसाळा लागला की आपोआप सोडते. स्मूदीला ही आपोआप थांबण्याची सोय नाही. शीतकपाट बारमाही आहे, केळी बारमाही आहेत, आणि मोबाइलमधील कृतीवर ऋतू लिहिलेला नसतो.

माझ्या हातून झालेली चूक

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, तिशीतील एक कामगार ज्येष्ठाच्या आरंभी आला. भट्टीजवळचे काम, सर्वांगदाह, लघवीची जळजळ, भूक मंद नाही, मलप्रवृत्ती बरी. मी त्याला खर्जूरादि मंथ लिहून दिला. कृती समजावून सांगितली, मातीचे भांडे वापरण्यास सांगितले, मात्राही सांगितली. आठ-दहा दिवसांत दाह शमला. रुग्ण संतुष्ट झाला, मीही झालो.

श्रावणात तोच रुग्ण पुन्हा आला तेव्हा त्याला खोकला होता, सकाळी छातीत कफ दाटत होता, अन्नावर वासना नव्हती आणि अंग जड होते. मी नेहमीप्रमाणे पाऊस, ओली हवा, रात्रपाळी यांची चौकशी केली. शेवटी आहाराविषयी विचारता तो सहज म्हणाला, “तुम्ही सांगितलेलं ते खजुराचं पाणी रोज घेतो जी, एक दिवसही चुकवलं नाही.” मातीचे भांडे केव्हाच फुटले होते. पेय आता शीतकपाटात राहत होते आणि मात्रा पेलाभर झाली होती.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ग्रीष्मात शीत, शर्करायुक्त मंथ सांगितला आहे आणि त्याच अध्यायात वर्षा ऋतूत उदमंथ वर्ज्य म्हटला आहे. हेमंतातही तो वर्ज्यच. हे मी विद्यार्थ्यांना शिकविले आहे. परंतु त्या कामगाराच्या चिठ्ठीवर ‘पहिला पाऊस पडताच बंद’ एवढे चार शब्द लिहिण्यास मी विसरलो. रुग्णाने आज्ञा मोडली नव्हती. त्याने ती तंतोतंत पाळली होती. मंथ बंद करून सुंठ-धण्याचे कोमट पाणी आणि लघु आहार यांवर तो पंधरा दिवसांत सावरला. ही व्याधी गंभीर नव्हती म्हणून मी सुटलो, एवढेच.

दूध आणि फळ

स्मूदीविषयी सर्वाधिक वाद दुधाचा आहे. चरकसंहितेतील विरुद्ध आहाराच्या प्रकरणात दुधाबरोबर वर्ज्य असलेल्या फळांची लांबलचक यादी आहे. तीत आंबा, मोच म्हणजे केळे, बोर, जांभूळ, कवठ, फणस, नारळ, डाळिंब, आवळा इत्यादी येतात आणि शेवटी सर्वच अम्ल द्रव्ये येतात. सुश्रुतानेही केळे दूध, दही अथवा ताकासह निषिद्ध मानले आहे. उलट भावप्रकाशात दूध व आंबा यांचा योग बृंहण, वृष्य, गुरु आणि शीत म्हणून गौरविला आहे. आणि केळ्याचे शिकरण न खाल्लेला मराठी माणूस शोधावा लागेल!

यावर ‘ग्रंथांत मतभेद आहेत’ असे म्हणून हात झटकणे योग्य नव्हे. प्रत्येक वचनाचा संदर्भ पाहिला तर मार्ग दिसतो. भावप्रकाशातील प्रशंसा वाचताना ‘गुरु’ आणि ‘शीत’ हे दोन शब्द डोळ्यांआड करू नयेत. कृश, दीप्ताग्नी, श्रम करणाऱ्या माणसाला जे बृंहण, तेच बैठ्या प्रमेही माणसाला रोगवर्धक. स्वतः चरकाचार्यांनीही सात्म्य झालेले, अल्प प्रमाणातील, तसेच दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध आणि व्यायामाने बलवान झालेल्या व्यक्तीने घेतलेले विरुद्ध अन्न बाधक ठरत नाही, असा अपवाद मान्य केला आहे. शेतात राबणाऱ्या तरुणाच्या ताटातील वाटीभर शिकरण या अपवादात बसते. छप्पन्न वर्षांच्या मधुमेही शिक्षिकेच्या पोटात रोज अनशापोटी जाणारा पेला त्यात बसत नाही.

पाकशास्त्राच्या दृष्टीनेही अम्ल फळाने दूध नासते हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. दुधातील केसीन हे प्रथिन आम्लता वाढताच साकळते. कच्च्या अननसातील आणि पपईतील पाचक द्रव्ये दुधाच्या प्रथिनांचे विघटन करतात, म्हणून ते पेय थोड्याच वेळात कडू होते. जिभेला कळते ते वैद्याने नाकारू नये. ज्याला फळ घुसळूनच घ्यायचे आहे, त्याला पाणी, शहाळ्याचे पाणी अथवा योग्य प्रकृतीत पातळ ताक हे आधारद्रव्य सुचवावे. मात्र ताकात केळे नको.

मसाल्याचा डबा निरुपद्रवी नाही

औषधी दुकानदार बंधूंनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘पेयात घालण्याचे चूर्ण’ मागणारा ग्राहक आता त्यांच्याकडे येऊ लागला आहे.

मिरे : बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पिपरिनमुळे हळदीतील कर्क्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढल्याचे दिसले. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु हेच पिपरिन प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढविते, हे तितकेसे सांगितले जात नाही. मिऱ्यात साधारण पाच टक्के पिपरिन असते. म्हणजे अर्धा ग्रॅम मिरपुडीत ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. भाजीतील चिमूट वेगळी आणि रोज अनशापोटी घेतलेले अर्धा चमचा चूर्ण वेगळे. अपस्माराची गोळी घेणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न विचारल्याशिवाय त्रिकटूची पुडी देऊ नये.

दालचिनी : बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, एकेरी साल बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कूमरिन हे यकृतास बाधक ठरू शकणारे द्रव्य अधिक असते. पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळीची सिंहली दालचिनी वेगळी. चूर्ण झाल्यावर हा भेद ओळखता येत नाही, म्हणून चूर्ण विकणाऱ्याची जबाबदारी मोठी.

ज्येष्ठमध : पेयाला गोडी यावी म्हणून साखरेऐवजी ज्येष्ठमध घालण्याचा प्रघात पडत आहे. दीर्घकाळ घेतल्यास त्यातील ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ही गोडी महाग पडते.

कापूर : भावप्रकाशातील पानकांत कापूर आहे हे वाचून कोणी पूजेच्या कापराची वडी पन्ह्यात टाकू नये. बाजारातील बहुतांश कापूर टर्पेंटाइनपासून कृत्रिम रीतीने तयार होतो आणि पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, आकडी येण्याइतका विषारी ठरतो. पन्ह्यास वेलदोडा पुरेसा आहे.

फळरसाचे वेड किती महाग पडू शकते याचे उदाहरण दूर नाही. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीभोपळ्याच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, कडू असल्यास टाकून द्यावा आणि दुधीचा रस अन्य रसांत मिसळू नये, अशी शिफारस पुढे आली. शेवटची सूचना फार बोलकी आहे. कडवटपणा हा निसर्गाने दिलेला इशारा आहे. मध, पुदिना आणि आल्याने आपण तो इशाराच झाकून टाकतो. त्याचप्रमाणे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास कमरख फळाचा रस प्राणघातक ठरू शकतो, हेही प्रत्येक वैद्याच्या ध्यानी असावे.

डब्यावर काय लिहावे

अन्न सुरक्षा व मानके (आयुर्वेद आहार) विनियम २०२२ मध्ये अधिसूचित झाले. आपल्या प्रमाणग्रंथांतील आहारकल्पनांना त्यामुळे अन्न म्हणून विक्रीची स्वतंत्र वाट मिळाली. मात्र आयुर्वेदीय औषधे या विनियमांच्या कक्षेबाहेर आहेत, वरून जीवनसत्त्वे, खनिजे अथवा अमिनो आम्ले मिसळण्यास मनाई आहे आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी ही उत्पादने नाहीत. पानक व मंथ यांसाठी ही सुवर्णसंधी आहे असे उत्पादक बंधूंना वाटणे स्वाभाविक आहे. माझा त्यास विरोध नाही. माझी विनंती एवढीच की, डब्यावर घटक, वजन आणि अंतिम दिनांक छापताना त्याशेजारी ‘ग्रीष्म ऋतूसाठी’, ‘एका वेळी १०० मिलिलिटर’, ‘मधुमेहींनी वैद्याच्या सल्ल्याने’ अशा तीन ओळी छापाव्यात. विक्री थोडी घटेल, हे मान्य आहे. बारा महिने विकले जाणारे पन्हे अधिक नफा देईल, परंतु ते पन्हे उरणार नाही. दुकानदारानेही स्वतःच्या जबाबदारीवर पुड्या बांधून ‘शुगरसाठी’, ‘बीपीसाठी’ असे लिहून देण्याचे टाळावे. तो शास्त्राचाही भंग आहे आणि कायद्याचाही.

साखरेविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध, पाक आणि फळांच्या रसातील शर्करा यांचा समावेश मर्यादित ठेवावयाच्या शर्करांतच केला आहे. ‘मध घातला आहे, साखर नाही’ हे समाधान मधुमेही रुग्णाला आपण देऊ नये. एक वर्षाखालील बालकास तर मध मुळीच देऊ नये.

पाच ओळींची चिठ्ठी

केवळ निषेधाने काही साधत नाही, म्हणून एक व्यवहार्य सूचना मांडतो. यापुढे कोणतेही पेय लिहून देताना चिठ्ठीवर पाच ओळी असाव्यात : द्रव कोणता, मात्रा किती, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या दिवशी थांबवावयाचे.

उदाहरणार्थ, खर्जूरादि मंथ. सात द्रव्ये प्रत्येकी सुमारे ७ ग्रॅम. खजूर व चिंच बिया काढून, सर्व कुटून, मातीच्या भांड्यात १९२ मिलिलिटर थंड पाण्यात भिजवून घुसळावे. ९६ मिलिलिटर, दुपारी, ताजे करून. शिल्लक ठेवू नये. ग्रीष्मात, दाह असेपर्यंत, जास्तीत जास्त १५ दिवस. फालसा बाजारात मोजकेच दिवस मिळतो. तो संपला की मंथही संपला असे सांगितले तर रुग्णाच्या सहज लक्षात राहते. फळांच्या हंगामाने घातलेली ही मर्यादा आपण शीतकपाटाच्या साहाय्याने ओलांडू नये.

मूळ रुग्णेकडे वळून लेख आटोपता घेतो. केळी, चिकू, दूध आणि मध यांचा पेला मी बंद केला. अश्वगंधेची आवश्यकता त्यांना त्या वेळी नव्हती. उन्हाचा त्रास होत होता म्हणून उकडलेल्या कैरीचे बिनसाखरेचे पातळ पन्हे, भाजलेले जिरे आणि नावापुरते सैंधव घालून, दुपारच्या जेवणापूर्वी अर्धी वाटी. रक्तशर्करा दर आठवड्याला तपासणे. आणि शेवटची ओळ : ‘मृगाचा पहिला पाऊस पडला की बंद.’ ती वाचून बाई म्हणाल्या, “घ्यायचं तर सगळेच सांगतात जी, सोडायचं कोणी सांगत नाही.”

हा आक्षेप त्यांनी मोबाइलमधील कृतीवर घेतला होता. मला मात्र तो कामगार आठवला. पाऊस सुरू झाल्यावर त्या स्वतःहून परत आल्या. पन्हे सोडले होते आणि शर्करा उतरणीला लागली होती.

सन्माननीय सभासदांनी आपापल्या प्रदेशात उन्हाळ्यात रूढ असलेली पानके, त्यांची मापे आणि ती थांबविण्याचे लोकसंकेत नोंदवून संपादक मंडळाकडे पाठवावेत, तसेच या मतांशी असहमती असल्यास तीही निःसंकोच कळवावी, ही नम्र विनंती.